वितळलेला कोपरा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही – तो बोटीवर असतो, महिनोन्महिने समुद्रात, आणि फोनवर सांगण्यासारखं हे नव्हे अशी मी स्वतःची समजूत घालत आले. पण तो सुट्टीवर घरी आला तेव्हाही सांगितलं नाही. कॅनडात भाऊ आहे, त्यालाही नाही. दरवर्षी ईस्टरच्या आधी पापनिवेदनाला जाते, फादरांसमोर गुडघे टेकते – आणि काय सांगते? राग आला, शेजारणीबद्दल वाईट बोलले, दोन रविवारी मिस्सा चुकवली. फादर ऐकून घेतात, क्षमा देतात, मी उठून बाकावर येऊन बसते. हे मात्र जिभेपर्यंत येतं आणि परत खाली जातं. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून कदाचित तुम्हाला सांगता येईल. बघू.

गोष्ट एका गाडीची आहे. तशी क्षुल्लकच वाटेल – चावी फिरवली की कधी चालू व्हायची, कधी नाही. अशा गाड्या गल्लोगल्ली असतात, नाही का? त्यात लपवण्यासारखं काय आहे?

माझे वडील इनास. आम्ही त्यांना पप्पा म्हणायचो. अर्नाळ्यात बोटींची इंजिनं दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. मम्मी गेल्यावर त्यांनी काम कमी केलं, पण सोडलं नाही. कुणी ना कुणी पंप नाहीतर नोझल घेऊन दारात यायचंच. मी आणि माझा नवरा त्यांच्याच घरात राहायचो. म्हणजे मी राहायचे – नवरा बोटीवर. मला मूलबाळ नाही. विरारला एका शाळेच्या ऑफिसात मी नोकरी करते.

गाडी पप्पांची. पांढरी, छोटी, जुनी. मम्मीला चर्चला चालत जाणं जमेना, तेव्हा घेतलेली. मम्मी गेली, पण पप्पांनी रविवारचा नेम मोडला नाही. गल्लीतल्या दोन-तीन म्हाताऱ्यांना घेऊन जायचे. त्या साड्या नेसून, डोक्यावरून पदर घेऊन आधीच ओट्यावर येऊन बसलेल्या असायच्या. पप्पा इस्त्रीचा शर्ट घालायचे, काच पुसायचे, मग दार उघडून एकेकीला हात देऊन बसवायचे. आठवड्यातला हा एकच तास असा असायचा, जेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर मम्मी असतानाचं काहीतरी दिसायचं. हे मी आधीच सांगते आहे, कारण मी काय काढून घेतलं ते तुम्हाला कळायला हवं.

गाडीला पहिल्यांदा झालं ते दुखणं खरंच होतं. चावी फिरवावी तर समोरचे दिवे लागायचे, पण पुढे काहीच नाही. ना घरघर, ना आवाज. थोड्या वेळाने पुन्हा फिरवली की जणू काही झालंच नव्हतं अशी चालू. उन्हात उभी राहिली की जास्त. पप्पा म्हणाले, हे वायरिंगचं काम, हरेश्वरला बोलवू.

हरेश्वरकाकांचं गोखिवऱ्याला गाड्यांच्या इलेक्ट्रिकचं दुकान. राहायला चांदीपला, थोडी भातशेती, मागे भाज्या. तरुणपणी दोघे एकाच वर्कशॉपमध्ये शिकले, मग पप्पा बोटींकडे वळले आणि काका वायरिंगकडे. मैत्री तशीच राहिली. काका आले की तोंडली, शिराळी, हंगामात वालाच्या शेंगा पिशवी भरून यायच्या, आणि जाताना त्याच पिशवीतून सुके बोंबील आणि सुकट जायची. मला ते लहानपणापासून ‘बाय’ म्हणायचे. पप्पाही तेच म्हणायचे.

काकांनी तासाभरात दोष शोधला. बॉनेटखाली फ्यूजचा एक डबा असतो, त्यात एक काळा चौकोनी ठोकळा – काडेपेटीपेक्षाही लहान. रिले म्हणतात त्याला. चावी फिरवली की तो टिक् करतो आणि स्टार्टरला करंट पोचवतो. आमचा रिले आतून जळत आला होता. गरम झाला की कधी करंट द्यायचा, कधी नाही. त्याचा एक कोपरा वितळून मेणासारखा ओघळलेला होता. काकांनी तो वर ओढून काढला, नवा दाबून बसवला, झालं. जुना माझ्या हातात दिला.

“टाकू नको, बाय. कधी रस्त्यात अडचन आली तर एक-दोनदा तरी चालंल.”

मी तो पर्समध्ये टाकला. गाडी नीट चालू लागली. गोष्ट इथेच संपायची – तसं व्हायला हवं होतं.

पप्पांना काचबिंदू होता. समोरचं दिसायचं, पण बाजूचं हळूहळू पुसलं जात होतं. थेंब घालायचे, आणि दिसत नाही हे कधीच कबूल करायचे नाहीत. एका संध्याकाळी मी त्यांच्या शेजारी बसले होते. आमच्या गल्लीत वळताना डावीकडून, मासळी सुकवायच्या बांबूंच्या आडून, शेजाऱ्यांची सात-आठ वर्षांची मुलगी सायकलवरून समोर आली. मी ओरडले आणि हॅन्डब्रेक ओढला. गाडी थांबली. तिच्या सायकलचं पुढचं चाक आमच्या बंपरला टेकलेलं होतं. पोरगी हसली, सायकल वळवली आणि गेली.

पप्पा म्हणाले, “दिसली होती मला.”

दिसली नव्हती. गाडी थांबली होती तरी त्यांनी स्टिअरिंग सोडलं नव्हतं. मी बघत होते, आणि मी बघते आहे हे त्यांना कळत होतं. त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. एकच वाक्य – पप्पा, आता पुरे, चावी मला द्या. का नाही बोलले?

बरेच दिवस मी याचं उत्तर असं देत आले की त्यांचं मन मोडवेना. ऐकायला बरं वाटतं, नाही? मुलीचं प्रेम. पण खरं सांगायला बसलेय तर सगळंच सांगते. पप्पांनी समजून-उमजून गाडी सोडली असती, तर त्यांना नेणं-आणणं माझ्या गळ्यात पडलं असतं. रविवारी चर्च, त्या म्हाताऱ्या, गोखिवऱ्याला काकांकडे, विरारला डोळ्यांच्या डॉक्टरकडे. रविवार हा माझा एकच सुट्टीचा दिवस. आणि शिवाय त्यांचा तो चेहरा मला बघावा लागला असता – मी चावी मागितल्यावरचा. मला तो बघायचा नव्हता. गाडीच बंद पडली तर? मग कुणाचाच दोष नाही. कुणी कुणाला काही बोलायचं नाही. कुणी माझ्याकडे बघायचंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पप्पा बाजारात गेले असताना मी बॉनेट उघडलं. काकांनी केलं होतं तसं – नवा ठोकळा वर ओढला, जुना दाबून बसवला. किती सोपं होतं ते! नवा मी पर्समध्ये ठेवला.

आणि गाडी पुन्हा आजारी पडली.

जुना रिले पूर्ण मेलेला नव्हता, हे तर सगळ्यात वाईट. पूर्ण मेलेला असता तर पप्पांनी दोन दिवसांत शोधला असता. तो कधी चालायचा, कधी नाही. सकाळच्या गारव्यात टिक् करायचा, ऊन चढलं की अडायचा. म्हाताऱ्या मागे बसून झाल्या, दारं लागली, चावी फिरवली, की गप्प. पप्पा पुन्हा फिरवायचे. पुन्हा. मागून कुणीतरी म्हणायचं, “राहू दे रे इनास, रिक्षा बघू.” एका रविवारी गल्लीतल्या लोकांनी धक्का मारून चालू करून दिली. म्हाताऱ्या आत बसलेल्या, पप्पा चावी धरून, आणि मागे चार माणसं वाळूत पाय रुतवून ढकलतायत. त्यानंतर त्यांनी धक्का कधी मागितला नाही. काही आठवड्यांनी म्हाताऱ्या ओट्यावर येईनाशा झाल्या. त्यांनी त्यांची रिक्षा ठरवून टाकली होती.

आणि मला गाडी लागायची तेव्हा? तेव्हा मी नवा रिले बसवायचे. शनिवारी बाजाराला, कधी ऑफिसला उशीर झाला तर. चावी फिरवली की चालू. पप्पा दारात उभे राहून बघायचे. आधी हसायचे – “तुझा हात ओळखते ती.” मग हसणं थांबलं. एकदा त्यांनी माझ्या शेजारी बसून विचारलं, “तू चावी कशी फिरवतंस? हळू की जोरात? मला दाखव.” मी दाखवलं. अगदी गंभीर चेहऱ्याने ‘हळूच, अशी’ म्हणत मी माझ्या वडिलांना चावी फिरवायला शिकवलं. बोटींची इंजिनं नुसत्या आवाजावरून ओळखणाऱ्या माणसाला. त्यांनी मान डोलावली आणि तशीच फिरवून बघितली.

ते दोष शोधत राहिले. काकांना पुन्हा बोलवायला तयार नव्हते; त्याचं काम त्यानं केलंय, आता मीच शोधतो म्हणायचे. याबद्दल त्यांच्याइतका चिवट माणूस मी पाहिला नाही. बॅटरीची टोकं घासून पुसली, ग्रीस लावलं. अर्थिंगची वायर बदलली. स्टार्टर खाली उतरवून अंगणात वर्तमानपत्रावर उघडा केला, साफ केला, पुन्हा चढवला. जेवताना माझ्याशी बोलायचे, म्हणजे स्वतःशीच – दिवे लागतात, मग बॅटरी चांगली. धक्क्यानं चालू होते, मग इंजिन चांगलं. थेट वायर लावली की स्टार्टर फिरतो, मग तोही चांगला. मग मधे अडतं कुठं? मी भात वाढायचे. माझी पर्स तिथेच खुंटीला लटकलेली असायची. मी त्यांना आमटी हवी का विचारायचे.

कधी थांबावंसं वाटलं नाही का, असं तुम्ही विचाराल. वाटलं. पण आता थांबायचं कसं? नवा रिले कायमचा बसवला तर ते पुन्हा गाडी घेऊन निघणार, आणि ती मुलगी त्याच गल्लीत सायकल चालवते. आणि खरं सांगितलं तर मी इतके दिवस काय केलं तेही सांगावं लागणार. त्या पोरीचं नाव मी स्वतःपुढे ढालीसारखं धरलं. ती वाचली, हे खरं आहे. पण मी पप्पांच्या तोंडावर बोलले असते तरी ती वाचलीच असती.

मग एका रविवारी सकाळी पप्पांनी मला अंगणातून हाक मारली. आवाज असा, की मला वाटलं पडले-बिडले. धावत गेले. ते बॉनेटपाशी उभे होते, हातात तो काळा ठोकळा.

“बघ, बाय. हा कोपरा बघ.”

त्यांनी तो माझ्यापुढे धरला. वितळलेला, ओघळलेला कोपरा. पप्पा डोळ्यांच्या अगदी जवळ नेऊन बघायचे, मग मला दाखवायचे.

“हा जुनाच हाय. हरेश्वरनं नवा म्हनून हाच परत बसवला. मला! मला फसवलं त्यानं.”

बघा – त्यांनी शोधलं होतं. इतक्या महिन्यांनी, अधू डोळ्यांनी, बोटांनी चाचपत, एकेक गोष्ट वगळत ते बरोबर त्याच जागी पोचले होते. फक्त तो ठोकळा तिथे कुणी ठेवला, एवढंच चुकलं. आणि ते तरी कसं बरोबर यावं? मुलगी बॉनेट उघडते, हे कुणाच्या मनात येईल?

मी म्हणाले, “असं कसं करतील काका?”

“तेच त्याला इचारनार हाय. समोर.”

त्यांनी रिले पुन्हा त्याच्या जागी दाबला. म्हणाले, त्याच्या डोळ्यांदेखत काढीन. काकांना फोन केला, संध्याकाळी ये म्हणाले, का ते सांगितलं नाही. आणि मला म्हणाले, तोवर गाडीला हात लावू नको.

दुपारी जेवून ते आडवे झाले. मी त्यांच्या श्वासाचा आवाज ऐकत दारात उभी राहिले. इथून परतता आलं असतं. त्यांना उठवून सांगता आलं असतं – पप्पा, काकांनी नाही, मी. त्यांनी मला मारलं असतं, बोलणं टाकलं असतं, काहीही. आज मला वाटतं, कदाचित नसतंही टाकलं. पण मी एवढाच विचार केला, की संध्याकाळी काका येतील, तो ठोकळा बघतील, म्हणतील हा मी बायच्या हातात दिला होता. आणि मग दोघेही माझ्याकडे वळतील.

मी बॉनेट उघडलं. जुना काढला, नवा बसवला. हात पुसले. जुना फडक्यात गुंडाळला, मासळी बाजाराच्या मागे कचऱ्याचा ढीग असतो तिथे जाऊन फेकला, आणि घरी येऊन चहा ठेवला.

काका आले. हातात नेहमीची पिशवी, वालाच्या शेंगांची. पप्पांनी ती घेतली नाही. गल्लीतली चार माणसं रविवारची अशीच बसलेली होती, तीही सरकत सरकत आली. पप्पांनी बॉनेट उघडलं. त्यांचा चेहरा – मला तो विसरता येत नाही – त्या चेहऱ्यावर राग होता, पण त्याखाली अभिमानही होता. दोष सापडला होता ना. कारागीर माणूस.

“हा नवा बसवलंस म्हनालास ना तू?” असं म्हणत त्यांनी रिले ओढून काढला आणि काकांच्या हातावर ठेवला.

काकांनी तो फिरवून बघितला. “मंग? नवाच हाय.”

पप्पांनी तो परत घेतला. डोळ्यांजवळ नेला. बोटांनी चारी कोपरे चाचपले. पुन्हा चाचपले. डब्यात वाकून दुसरे ठोकळे बघितले, एकेक काढून बघितला.

“सकाळी कोपरा जळलेला होता.”

“कोनाचा कोपरा? इनास, मी माज्या हातानं नवा टाकलाय. तू मला चोर म्हनतंस?”

“मी बघितलाय, हरेश्वर. जुना होता. तू फसवलंस.”

“माज्या हातात नवा देतंस आनि तोंडावर जुना म्हनतंस?” काकांचा आवाज चढला. ते कधी ओरडलेले मी ऐकले नव्हते. “डोले गेलेच होते तुजे, आता डोकं पन गेलं.”

कुणीतरी हसलं. फार नाही, नुसतं नाकातून.

तेव्हा पप्पा माझ्याकडे वळले. त्यांना एवढाच आधार उरला होता. “बाय, तुला दाखवला ना मी? सकाळी? तू बघितलंस ना कोपरा?”

आता सांगते. इथपर्यंत यायला मी एवढी वळणं घेतली, ती याच्यासाठी. रिले बदलला हे माझं पाप आहेच, पण ते त्यातलं लहान. मोठं हे आहे.

मी म्हणाले, “नाही पप्पा. मला तर नवाच वाटला होता. मी तेव्हा बोलले नाही, तुम्ही चिडाल म्हणून.”

नुसतं ‘नाही’ म्हणाले असते तरी चाललं असतं. पण मी पुढचं वाक्यही जोडलं. ते इतकं सहज सुचलं, की आजही त्याचीच भीती वाटते मला.

पप्पांनी माझ्याकडे बघितलं – संशयाने नाही. संशयाने बघितलं असतं तर मी आज तुम्हाला हे सांगायला बसले नसते. त्यांनी विश्वासाने बघितलं. मुलगी म्हणते, म्हणजे तसंच असणार. आणि मग त्यांनी हातातल्या ठोकळ्याकडे बघितलं आणि तो गाडीवर ठेवून दिला. काकांनी पिशवी ओट्यावर ठेवली आणि ते निघून गेले. शेंगा मी रात्रीच्या जेवणात केल्या. पप्पा जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी चावी माझ्या उशाशी होती. त्यांनी स्वतः आणून ठेवलेली. मला हवं होतं ते मिळालं होतं – न मागता, कुणाला न दुखावता, असं म्हणायचं मी ठरवलं होतं ना? ते मिळालं.

त्यानंतर पप्पा प्रत्येक गोष्ट विचारू लागले. गॅस बंद केलाय ना मी, बाय? हे पाकीट माझंच ना? आज मंगळवारच ना? मंगळवारच असायचा. पाकीट त्यांचंच असायचं. गॅस त्यांनी नीट बंद केलेला असायचा. ते काही विसरत नव्हते; त्यांचा फक्त स्वतःवरचा विश्वास गेला होता. एकदा एक कोळी पंप घेऊन आला. पप्पांनी तो हातात घेतला, फिरवून बघितला आणि परत दिला. म्हणाले, “दुसऱ्या कुनाला दाखव. माझं आता खरं नाय.” तो माणूस गेल्यावर मी आत येऊन भांडी घासू लागले. घासलेलीच भांडी.

मी त्यांना डॉक्टरांकडेही नेलं. का नेलं? गल्लीत सगळे म्हणत होते, भाऊ फोनवर म्हणत होता, आणि नेलं नसतं तर विचित्र दिसलं असतं. डॉक्टरांनी वार विचारला, महिना विचारला, उलटे आकडे म्हणायला लावले, काही शब्द लक्षात ठेवायला सांगून नंतर विचारले. पप्पांनी सगळं बरोबर सांगितलं. मग डॉक्टर म्हणाले, तुम्हाला काय त्रास होतो? पप्पा खाली मान घालून म्हणाले, “नसलेली वस्तू मला दिसते.” मी शेजारच्या खुर्चीत बसले होते. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, जरा लक्ष ठेवा. भावाला मी फोनवर सांगितलं, डॉक्टर म्हणाले विसराळूपणाची सुरुवात आहे. डॉक्टर असं म्हणाले नव्हते.

काका पुन्हा आले नाहीत. पप्पांनीही फोन केला नाही. काय तोंडाने करणार? आपण मित्राला विनाकारण चोर म्हटलं, असं ते धरून बसले होते. ते चांदीपचं नाव काढायचे नाहीत. भाजीत वाल आले की उठायचे.

गाडी आम्ही विकली. नालासोपाऱ्याच्या एका माणसाने घेतली. नंतर एकदा भेटला तेव्हा म्हणाला, एकदाही त्रास दिला नाही हो तिने.

पुढच्या पावसाळ्यानंतर पप्पांना न्यूमोनिया झाला. शेवटचे काही दिवस घरीच होते. एका दुपारी मी त्यांना चमच्याने पेज भरवत होते. दोन घास घेऊन त्यांनी माझा हात धरला. ताप उतरलेला होता, डोळे स्वच्छ होते.

“बाय, तो रिले. मी खरंच बघितला नव्हता का गो?”

घरात आम्ही दोघेच. कुणी ऐकायला नव्हतं. हरवण्यासारखं काही उरलं नव्हतं – गाडीसुद्धा नव्हती. एवढी सोपी संधी देवाने दुसऱ्यांदा का दिली असेल, याचा मी खूप विचार केला आहे.

मी म्हणाले, “नाही पप्पा. नवाच होता. आता त्याचा विचार नका करू.”

त्यांनी मान हलवली आणि तोंड उघडलं, पुढच्या घासासाठी. दोन दिवसांनी ते गेले.

काका अंत्ययात्रेला आले होते, मागे उभे होते, लवकर निघून गेले. नोव्हेंबरात आमच्याकडे मृतांच्या स्मरणाचा दिवस असतो. सगळे आपापल्या माणसांची थडगी धुतात, फुलांनी सजवतात, संध्याकाळी मेणबत्त्या लावतात. गेल्या वर्षी मी फुलं रचत होते, तर मागे कुणीतरी उभं राहिलं. हरेश्वरकाका. खूप वाकलेले. हातात झेंडूची फुलं आणि मेणबत्तीचा पुडा. कुठे लावायच्या, कशा लावायच्या, त्यांना माहीत नव्हतं. मी दाखवलं. त्यांनी वाकून एक लावली, वाऱ्याने विझली, पुन्हा लावली.

“बाय, एक इचारू? त्या दिशी, गाडीपाशी… तो तवापासूनच आजारी होता ना?”

मी फुलं सारखी करू लागले.

“मी त्याला सगल्यांसमोर बोललो. डोकं गेलं म्हनालो. नंतर कललं, तुमी त्याला डॉक्टरकडं नेलेलं. मला झोप नाय लागत, बाय. आजारी मानसाला मी तसं बोललो. माफ कर मला. तो नाय, तर तू तरी कर.”

त्यांनी हात जोडले. माझ्यासमोर. आजूबाजूला सगळीकडे माणसं होती, मेणबत्त्या होत्या, फादर पाणी शिंपडत आमच्या रांगेकडे येत होते.

मी म्हणाले, “हो काका. तेव्हापासूनच आजारी होते.” आणि म्हणाले, “माफी कसली मागता? पप्पांनी मनात काही ठेवलं नव्हतं.”

त्यांनी डोळे पुसले. खांदे जरा सैल झाले. माझ्या डोक्यावर हात ठेवून ते फाटकाकडे गेले, आणि मी पप्पांच्या शेजारी उभी राहिले, त्यांच्या मित्राला माफ करून.

आता तुम्हाला तरी माहीत आहे. माझे वडील आजारी नव्हते. त्यांनी कोपरा बघितला होता.